स्क्रिप्ट कंत्राटदाराला देऊ नका

आजचा लेख भांडणाचा आहे, आधीच सांगून टाकतो. भांडण माझ्या वरिष्ठांशी आहे, कोर्समेट्सशी आहे आणि थोडं स्वतःशीही आहे. मुद्दा एवढाच: प्रशिक्षणासाठी ‘इंटरॅक्टिव्ह’ गोष्ट बनवायची असेल, म्हणजे ज्यात वाचणारा मध्येच निर्णय घेतो आणि पुढची गोष्ट त्या निर्णयाप्रमाणे बदलते, तर तिची स्क्रिप्ट ज्याच्यावर तो प्रसंग गुदरला त्यानेच लिहायला शिकलं पाहिजे. ती कंत्राटदाराला द्यायची नाही, क्लार्कला द्यायची नाही, युनिटमधल्या ‘कॉम्प्युटरवाल्या’ कॅप्टनलाही द्यायची नाही.

हे मी चाळिशी ओलांडल्यावर, बी.ए.ची पदवी घेऊन फिरणारा पायदळाचा अधिकारी म्हणून सांगतोय. खडकवासल्याला माझ्या शेजारच्या केबिनमध्ये कॉम्प्युटर सायन्सवाला होता. त्याच्या प्रॅक्टिकलच्या फाइलींकडे मी जसा बघायचो, तसाच परवापर्यंत कुठल्याही कोडकडे बघत होतो: हे आपलं खातं नाही.

एका मुलाची गोष्ट

बारा वर्षांपूर्वी मी कंपनी कमांडर होतो. पोस्ट पंधरा हजार फुटांच्या वर. जागा आणि युनिट सांगत नाही, त्याची गरजही नाही. सातारा जिल्ह्यातला एक मुलगा, तेवीस वर्षांचा, रजेवरून परत आला. वर चढताना शरीराला सवय होण्यासाठी टप्प्याटप्प्याने थांबावं लागतं: पहिल्या टप्प्यावर सहा दिवस, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर चार. ते सगळं त्याने केलं होतं. हॅपोवरचं, म्हणजे उंचीवर फुप्फुसात पाणी भरण्याच्या आजारावरचं, लेक्चरही ऐकलं होतं. रजिस्टरवर सही होती.

पोस्टवर आल्याच्या दुसऱ्या संध्याकाळी त्याने पाण्याचा जेरीकॅन वर आणला आणि तो खोकायला लागला. रात्री त्याने नर्सिंग असिस्टंटला सांगितलं, “थोडा दम लग रहा है.”

इथे मराठी वाचकाला काही समजावून सांगायला नको. दम लागला म्हणजे धाप लागली, श्वास पुरत नाही. पण आमचा नर्सिंग असिस्टंट हिंदी पट्ट्यातला. त्याच्या कानाला ‘दम लगाना’ म्हणजे जोर लावणं. तो हसून म्हणाला, “दम तो लगाना ही पडेगा भाई, पहाड है.” मुलगाही हसला आणि झोपायला गेला. त्या नर्सिंग असिस्टंटइतका कामाचा माणूस मी क्वचित पाहिलाय. त्याला दोष देणाऱ्याशी मी आजही भांडेन.

आणि मी? संध्याकाळच्या रोल कॉलला मी नेहमीप्रमाणे विचारलं होतं, “कोई तकलीफ?” तीस गळ्यांतून एकच आवाज आला, “नहीं साब!” त्यात त्याचाही आवाज होता. तो ऐकून मी खूश झालो होतो.

पहाटे चारला तो बंकरमध्ये बसलेला सापडला, कारण त्याला आडवं होता येत नव्हतं. ओठ निळे, थुंकीला गुलाबी फेस. ऑक्सिजन लावला, हॅपो बॅगमध्ये घातला, उजाडल्यावर हेलिकॉप्टर आलं. मुलगा वाचला. आज तो गावाकडे आहे, मेडिकल कॅटेगरी खाली गेली आणि पुढची नोकरी त्याच्या मनासारखी झाली नाही. नंतर कागद तपासले गेले. सगळे बरोबर होते. लेक्चर झालेलं, सही झालेली, स्लाइडवर लक्षणांची यादी होती: विश्रांती घेतानाही धाप, कोरडा खोकला, छाती भरून येणं.

या आजाराबद्दल माहितीचा तुटवडा आपल्याकडे कधीच नव्हता. १९६२ नंतर आपली फौज मोठ्या संख्येने उंचीवर गेली. त्या काळातल्या निरीक्षणांवर इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १९६९ साली अमेरिकेतल्या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात निबंध छापला, १,९२५ जवानांच्या निरीक्षणांचा. जगभरचे डॉक्टर तो वाचतात. म्हणजे माहिती होती. त्या मुलाला कशाचा सराव नव्हता, तर रात्री दहा वाजता, बाहेर वारा असताना, नवीन म्हणून हसं होईल या भीतीत, ‘मला बरं वाटत नाही’ हे वाक्य दुसऱ्यांदा म्हणण्याचा. आणि मला सराव नव्हता तो “नहीं साब” न ऐकण्याचा.

कंत्राटदाराचं मॉड्यूल

मध्ये एका ठिकाणी मला असं ‘इंटरॅक्टिव्ह ट्रेनिंग मॉड्यूल’ दाखवण्यात आलं. चित्रं सुंदर, संगीत भारी. पडद्यावरचा जवान म्हणतो, ‘मला श्वास घ्यायला त्रास होत आहे.’ मग तीन पर्याय. पहिला: ताबडतोब डॉक्टरला कळवा. दुसरा: दुर्लक्ष करून झोपा. तिसरा: थोडा व्यायाम करा.

सभागृहातल्या सगळ्यांनी पहिला पर्याय निवडला. सगळ्यांना पूर्ण गुण. टाळ्या.

मी मागच्या रांगेत बसून विचार करत होतो की त्या रात्री माझ्या पोस्टवर हे तीन पर्याय कुणाला दिसले होते? कुणालाही नाही. तिथे पर्याय होते ते असे: ‘आत्ता सांगितलं तर सगळ्यांची झोप मोडेल, सकाळी सांगू.’ ‘एकदा सांगितलंय की, परत काय सांगायचं?’ ‘चढून आलोय, एवढं होणारच.’ यातला एकही पर्याय मूर्खपणाचा नाही. तिन्ही शहाण्या, कष्टाळू, दुसऱ्याचा विचार करणाऱ्या मुलाचे आहेत आणि तिन्ही त्याला मारू शकतात.

हाच माझ्या भांडणाचा गाभा. चुकीचा पर्याय मूर्ख दिसला, तर ते प्रशिक्षण नाही, फसवणूक आहे. चुकीचा पर्याय त्या क्षणी बरोबर का वाटला, हे फक्त त्या बंकरमध्ये असलेल्यालाच ठाऊक असतं. ‘दम’ या एका शब्दाचा घोळ कुठल्या कंत्राटदाराच्या मीटिंगमध्ये निघाला असता? त्यांनी मला ‘रिक्वायरमेंट’ विचारली असती. मी रुबाबात सांगितलं असतं: हॅपोची लक्षणं, तीन पर्याय, मार्क. कारण मलाही तो शब्द रिक्वायरमेंट म्हणून आठवला नसता. तो आठवला गोष्ट स्वतः लिहायला बसल्यावर, संवाद टाइप करताना, बोटं थांबली तेव्हा.

पंधरा शब्द

तर मी लिहायला बसलो. मुलीने सुचवलेलं सॉफ्टवेअर घेतलं: रेनपाय. टॉम रॉथमेल या माणसाने २००४ पासून विकसित केलेलं, फुकट, कुणालाही वापरता येणारं. नावातला ‘रेन’ हा जपानी ‘रेनआय’मधून, म्हणजे प्रेम, आणि ‘पाय’ पायथन या संगणकीय भाषेतून. मुळात ते चित्रांसह वाचायच्या प्रेमकथांसाठी. मेसमध्ये ही गोष्ट कळल्यावर माझं काय झालं असेल ते वाचकांनी ताडावं.

पहिल्या रात्री पडद्यावर मराठीच्या जागी चौकोनी डबे आले. सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या फाँटमध्ये देवनागरी नव्हती. मुंबईच्या एक टाइपने केलेला ‘मुक्ता’ हा मोफत फाँट टाकला. मग अक्षरं आली, पण ‘स्थिती’ची पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे न येता मागे जाऊन बसली आणि जोडाक्षरं फुटली. मित्राच्या पेन ड्राइव्हवरून जुनी आवृत्ती घेतली होती, हे त्याचं कारण. अक्षरांची जुळणी करणारी सोय अलीकडच्या आवृत्त्यांत आहे. ती घेतल्यावर मराठी सरळ दिसायला लागली. ज्याला हाही त्रास नको, त्याने ट्वाइन घ्यावं. ख्रिस क्लिमासने २००९ साली आणलेलं ते साधन ब्राउझरमध्ये चालतं, ब्राउझरला देवनागरी येतेच, आणि तयार गोष्ट एकाच फाइलमध्ये मिळते. इंटरनेट नसलेल्या कॉम्प्युटरवरही ती उघडते.

दुसऱ्या रात्री एरर. वर्डमधून संवाद चिकटवले होते. वर्ड अवतरणचिन्हं वळवून देतं, रेनपायला ती सरळ लागतात. तिसऱ्या रात्री पुन्हा एरर: ओळीच्या आधी टॅब दिला होता. इथे टॅब चालत नाही, स्पेसच लागतात, साधारण चार, आणि एका गटातल्या सगळ्या ओळी एका रेषेत. ड्रिल स्क्वेअरवर ‘सज जा’ म्हटल्यावर रांग जशी सरळ होते तशी. हे मात्र मला लगेच पटलं.

चौथ्या रात्री जे झालं त्यावर मी आठवडाभर अडलो. मुलाने त्रास सांगितला की नाही, हे लक्षात ठेवण्यासाठी मी एक नाव ठेवलं होतं. पुढे त्याची तपासणी करायची होती, ‘सांगितलं असेल तर इकडे जा’. मी एकच बरोबरचं चिन्ह दिलं आणि सॉफ्टवेअर अडून बसलं.

याचं उत्तर मला पीण्यात मिळालं.

पीण्यातले अण्णा

सध्या माझं पोस्टिंग बंगळुरूत आहे. कामाचं स्वरूप सांगता येत नाही, आणि सांगण्यासारखं फारसं नाहीही: सुटे भाग, मोजमापं, सह्या. त्यासाठी महिन्यातून तीन-चारदा तुमकूर रोडने पीण्या औद्योगिक क्षेत्रात जावं लागतं. १९७० च्या दशकात वसलेली ही लघुउद्योगांची प्रचंड वसाहत. वरून मेट्रो जाते, खाली खड्डे चुकवत टेम्पो जातात. एका गल्लीत प्लेटिंगचा वास, दुसरीत लेथचा आवाज. याच वसाहतीत इस्रोचं इस्ट्रॅक हे केंद्र आहे. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ उतरलं तेव्हा सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलेली नियंत्रण खोली तीच. त्या शेवटच्या मिनिटांत यान स्वतःच निर्णय घेत होतं. ‘असं झालं तर हे कर, तसं झालं तर ते कर’ ही सगळी स्क्रिप्ट आधीच लिहून झाली होती, आणि ती लिहिणाऱ्यांना यान आतून-बाहेरून माहीत होतं.

मी जातो त्या वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनवर एक अण्णा आहेत. निपाणीकडचे, पन्नाशीतले, शिक्षण आयटीआय. मराठी माणूस भेटला म्हणून ते चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. एकदा तपासणीला वेळ होता, मी लॅपटॉप उघडून बसलो होतो. अण्णा मागे उभे राहून बघत होते.

“साहेब, हे कसलं प्रोग्रॅम?”

सांगितलं. प्रसंगाला नाव द्यायचं, त्याला लेबल म्हणतात. तिथे उडी मारायची असेल तर जंप. जाऊन परत यायचं असेल तर कॉल, आणि परतताना रिटर्न.

“मग हे आमच्या मशीनचंच की!” अण्णा म्हणाले आणि मला ओढतच कंट्रोल पॅनेलकडे घेऊन गेले. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये ओळीला एन नंबर असतो, ते लेबल. ‘गो टू’ म्हणजे जंप. एम ९८ म्हणजे सबप्रोग्रॅमला जा, एम ९९ म्हणजे परत ये. आकडा लक्षात ठेवायचा असेल तर हॅशचं चिन्ह आणि नंबर, हॅश १०० म्हणा. आणि तपासायचं असेल तर?

“ठेवायचं असलं तर बरोबरचं चिन्ह. विचारायचं असलं तर ईक्यू. ठेवणं निराळं, विचारणं निराळं, साहेब. तुम्ही दोन्हीला एकच चिन्ह दिलासा.”

रेनपायमध्ये ईक्यूच्या जागी दोन बरोबर येतात, एवढाच फरक. एक बरोबर म्हणजे आदेश, दोन बरोबर म्हणजे प्रश्न. रोल कॉलला मीही तेच केलं होतं, हे त्या मशीनपुढे उभा असताना डोक्यात आलं. प्रश्न विचारतोय असं समजून मी आदेश दिला होता, आणि तीस जणांनी तो पाळला होता.

अण्णांना मी विचारलं, प्रोग्रॅम तुम्ही लिहिता की ऑफिसातून येतो? म्हणाले, येतो ऑफिसातून, पण टूल झिजलं, मटेरियल कडक निघालं, की बदल मीच करतो. “दर बारीला वरच्या माणसाला बोलवत बसलो तर मशीन उभं राहील की.” जो मशीनपाशी उभा, त्याला प्रोग्रॅमला हात घालता आलाच पाहिजे. पीण्यात हा काही मोठा सिद्धान्त नाही, रोजचा धंदा आहे. आमच्याकडे मात्र पोस्टवर उभा असलेल्याने लिहायचं नाही आणि शहरात बसलेल्याने लिहायचं, याला आम्ही ‘प्रोफेशनल’ म्हणतो.

त्या दिवसानंतर मी हिशेब केला. माझी पूर्ण गोष्ट किती शब्दांवर चालली? लेबल, मेन्यू, जंप, कॉल, रिटर्न, सीन, शो, हाइड, विथ, प्ले, डिफाइन, डिफॉल्ट, इफ, एल्स आणि डॉलरचं चिन्ह. पंधरा. खडकवासल्याच्या पहिल्या आठवड्यात याहून जास्त शिव्या पाठ झाल्या होत्या.

आक्षेप येतात ते

पहिला आक्षेप: हा खेळ आहे, फौजेत खेळ नको. मग सँड मॉडेल काय आहे? प्रशियाच्या राइसविट्झ या तोफखान्यातल्या लेफ्टनंटने १८२४ साली नकाशा, ठोकळे आणि फासे घेऊन युद्धखेळाचे नियम लिहिले. जगातल्या सगळ्या स्टाफ कॉलेजांतले वॉर गेम त्याचेच वंशज. अर्नेस्ट स्विंटनचं ‘डफर्स ड्रिफ्ट’ आपल्यापैकी पुष्कळांनी वाचलंय, १९०४ चं. एक तरुण लेफ्टनंट बोअर युद्धात नदीचा उतार राखतो, सहा स्वप्नं बघतो. दर स्वप्नात नव्याने सुरुवात, आधीच्या स्वप्नातले धडे मात्र लक्षात राहतात. रेनपायमध्ये नेमकी ही सोय आहे. काही गोष्टी एका खेळीपुरत्या लक्षात राहतात, आणि काही पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं तरी टिकतात. स्विंटन आज असता तर त्याने हेच वापरलं असतं. तोही त्या युद्धात स्वतः होता, त्याने ‘रिक्वायरमेंट’ कुणाला पाठवली नव्हती.

दुसरा आक्षेप: टायपिंग, कोड वगैरे अधिकाऱ्याचं काम नाही. या प्रकारातली पहिली प्रसिद्ध गोष्ट कुणी लिहिली बघा. विल क्राउदर, १९७०च्या दशकाचा मध्य. तो अमेरिकेत अर्पानेटवर काम करणारा प्रोग्रॅमर होता, हे सगळे सांगतात. तो गुहांमध्ये सरपटत जाऊन त्यांचे नकाशे काढणाराही होता, हे कमी जण सांगतात. केंटकीच्या ज्या गुहा त्याने स्वतः पालथ्या घातल्या, त्यांच्यावर त्याने आपल्या दोन मुलींसाठी शब्दांतला खेळ लिहिला. गुहा एकाची आणि कोड दुसऱ्याचा, असं नव्हतं.

तिसरा, आजचा ताजा आक्षेप: एआय लिहून देईल. देईल, मी करून पाहिलं. लेबल, मेन्यू, स्पेस, सगळं एका रेषेत, एकही एरर नाही. जवानाच्या तोंडी वाक्य मात्र तेच: ‘सर, मला श्वसनाचा त्रास जाणवत आहे.’ असं बोलणारा जवान मी वीस वर्षांत पाहिलेला नाही. चुकलेली स्पेस शोधायला त्याची मदत जरूर घ्या, मीही घेतो. पण पर्याय तुमचे हवेत, आणि ते तुमचे आहेत की नाही हे तपासण्यापुरती स्क्रिप्ट तुम्हाला वाचता आली पाहिजे.

चौथा माझ्या केबिनशेजाऱ्याचा, आता तो मोठ्या कंपनीत आहे: “हे खरं प्रोग्रॅमिंग नाही रे.” बरोबर आहे, नाही. मला खरं प्रोग्रॅमिंग नकोच आहे. मला त्या मुलाने रात्री दहाला दुसऱ्यांदा तोंड उघडायला हवं आहे.

आता प्रामाणिकपणे दोन गोष्टी मान्य करतो. रणगाड्याचा किंवा हेलिकॉप्टरचा सिम्युलेटर संध्याकाळच्या वेळात घरी बसून होत नाही. तिथे कंपन्या लागतात, इंजिनीअर लागतात, पैसा लागतो. माझं भांडण त्यांच्याशी नाही, माणसाच्या निर्णयाची गोष्ट विकत घेण्याशी आहे. आणि सुरक्षिततेचं भान हवं: सरकारी कॉम्प्युटरवर मनाने काही टाकायचं नाही, खऱ्या जागा, खरी नावं, खरे आकडे गोष्टीत यायचे नाहीत. माझ्या गोष्टीतली पोस्ट कुठल्याच नकाशावर नाही. प्रसंगाला त्याने काही फरक पडला नाही.

स्क्रिप्टने मला काय शिकवलं

पीपीटीला स्मरणशक्ती नसते. तिसरी स्लाइड आली की पहिली गेली. पण उंचीवर दुसऱ्या दिवशी केलेली चूक चौथ्या रात्री समोर येते. स्क्रिप्टमध्ये दुसऱ्या दिवशी जेरीकॅन उचलला हे एका नावात ठेवता येतं, आणि वाचणारा ते विसरून गेल्यावर चौथ्या रात्री ते समोर आणता येतं. कारण आणि परिणाम यांच्यातलं अंतर दाखवायची ही सोय मला आजवर कुठल्याच लेक्चरमध्ये मिळाली नव्हती.

दुसरं, मेन्यू लिहिताना लबाडी करता येत नाही. लेखात मी ‘परिस्थिती अवघड होती’ असं म्हणून सुटू शकतो. मेन्यूत मला लिहावं लागतं की त्या क्षणी माझ्यापुढे नेमकं काय काय होतं. मी कंपनी कमांडरच्या बाजूचा मेन्यू लिहायला घेतला: रोल कॉलला काय विचारायचं? पहिला पर्याय, ‘कोई तकलीफ?’ दुसऱ्यासाठी मी तीन संध्याकाळी घालवल्या. शेवटी लिहिलं: ‘रोल कॉल सुटल्यावर नव्या मुलाशेजारी जाऊन बसा, त्याच्याच भाषेत विचारा, काल झोप लागली का?’ पाच मिनिटांचं काम. बारा वर्षांपूर्वी मला ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि बारा वर्षं मी ते स्वतःला विचारलंही नव्हतं. पंधरा शब्दांच्या स्क्रिप्टने विचारायला लावलं.

तिसरी एक छोटी गोष्ट. रेनपायमध्ये माऊसचं चाक मागे फिरवलं की गोष्ट मागे जाते, घेतलेला निर्णय बदलता येतो. ही सोय ठेवायची की बंद करायची? ठेवली तर सगळे मागे जाऊन ‘बरोबर’ उत्तर शोधणार. बंद केली तर पुन्हा प्रयत्न करायचा तरी कसा? मी पहिल्या खेळीत बंद ठेवली, दुसरीपासून उघडली. हा निर्णय प्रशिक्षणाचा आहे, तंत्राचा नाही. कंत्राटदाराने तो माझ्या वतीने घेतला असता आणि असा काही निर्णय होता हे मला कळलंही नसतं.

नऊ मुलं आणि सुभेदार साहेब

रेझिंग डेला जुन्या युनिटमध्ये गेलो तेव्हा लॅपटॉप नेला होता. काही मुलं लवकरच वर जाणार होती. सीओंची परवानगी घेऊन नऊ जणांना एकेकट्याने बसवलं. गोष्ट मराठीत, वीस मिनिटांची, चित्रं माझ्या मुलीने काढलेली, म्हणजे बेताचीच.

नऊपैकी सात जणांनी रात्री दहाच्या मेन्यूवर ‘सकाळी सांगू’ निवडलं. हे सातही जण हॅपोच्या लेक्चरला बसलेले होते, लक्षणं विचारली तर घडाघडा सांगत होते. पहाटे चारचा प्रसंग आला तेव्हा त्यातल्या एकाने माऊसचं चाक मागे फिरवून पाहिलं. फिरेना. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. मग दुसऱ्या खेळीत त्याने स्वतःच तो मेन्यू शोधला, आणि तिथे पोचल्यावर मोठ्याने म्हणाला, “धाप लागतीय, सर. दम नाही, धाप.”

शेवटी सुभेदार साहेब बसले. त्या रात्री ते पोस्टवर होते, हवालदार होते तेव्हा. चष्मा लावून त्यांनी सगळं सावकाश वाचलं. रात्री दहाच्या मेन्यूवर त्यांचं बोट बराच वेळ थांबलं. आणि त्यांनीही ‘सकाळी सांगू’ दाबलं.

“साहेब,” ते म्हणाले, “मी तिथं असतो तर हेच केलं असतं. आणि मी तिथंच होतो.”

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, हे लिहायला किती दिवसांत येतं. त्यांच्याकडे नदी ओलांडतानाचा एक प्रसंग आहे म्हणाले, कुणाला कधी सांगितलेला नाही. मी त्यांना पंधरा शब्द एका कागदावर लिहून दिले. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. टॅब दिला होता, एरर येत होती.

तुमच्याकडेही असा एक प्रसंग असणार. तो कुणाच्या रिक्वायरमेंटमध्ये बसणार नाही. लॅपटॉप उघडा, पहिलं लेबल लिहा आणि पहिल्या मेन्यूत तुम्ही त्या वेळी जे खरोखर निवडलं होतं तेच आधी लिहा. अडलात तर मला कळवा. मलाही नाही सुटलं तर पीण्यात अण्णा आहेतच.